चेन पडू नये म्हणून केलेला बंदोबस्त

तायडे मॅडम सायकल खांद्यावर घेऊन दुकानात शिरल्या. सायकलवर बसलेली माणसं मी पस्तीस वर्षं पाहतोय, माणसावर बसलेली सायकल मात्र क्वचितच. त्यातून हीच सायकल तीन दिवसांपूर्वी मी मोठ्या रुबाबात त्यांच्या हवाली केली होती. "आता चेन पडली तर दुकानाची पाटी उतरवतो," असंही म्हणालो होतो.

"पाटी राहू द्या भाऊ," मॅडम म्हणाल्या. "चेन पडली नाही. ती फिरतच नाही, तर पडणार कुठून?"

पेडलजवळच्या पुढच्या दातेरी चक्कराच्या जागी काळ्या मातीचा गोळा होता, चांगला भाकरीएवढा. त्यात कपाशीची पानं, एक काटकी आणि आत कुठेतरी माझं तंत्रज्ञान. मॅडम पहूरच्या बाजूला सरावाला गेल्या होत्या. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. शेताच्या कडेने अर्धा किलोमीटर गेल्या आणि सायकल जागीच थांबली. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत त्या सायकल उचलून चालल्या, पुढे एका टेम्पोने आल्या.

दाराशी स्टुलावर बसलेले आबा, म्हणजे माझे वडील, वाकून बघत मला म्हणाले, "दिल्या, आते यामा गहू पेर."

हा प्रकार कसा झाला ते आता सांगतो. माझी अक्कल एकदम गेली नाही, टप्प्याटप्प्याने गेली.

मेहरूणला आमचं सायकलचं दुकान आहे. आबांनी काढलेलं. आबा आता काम करत नाहीत, पण रोज दहाला येतात आणि माझं काम बघून मान हलवतात. ती कौतुकाने हलते, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

प्रज्ञा तायडे वरणगावकडच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत. वय एकतीस. डोंगरातल्या सायकल शर्यतीसाठी राज्याच्या संघात जायचं, हे त्यांनी मनात धरलेलं. निवडीच्या चाचण्या दोन होत्या. पहिली जळगावजवळ झाली. तिच्या आदल्या दिवशी त्यांनी सायकल माझ्याकडे सर्व्हिसिंगला दिली. मी मागचं चाक काढलं, सगळं धुतलं, तेल दिलं, चाक परत बसवलं. चाचणीत पहिल्याच उतारावर चेन पडली. पुढच्या उतारावर परत पडली. मॅडमचा नंबर नववा आला.

दुसरी चाचणी महिन्याभराने धुळ्याला होती. त्यातून फक्त दोघी निवडल्या जाणार होत्या. मुख्याध्यापकांनी रजा दिली, पण सोबत सांगून टाकलं, "मॅडम, हे शेवटचं बरं का. पुढच्या वर्षी मुलांच्या स्पर्धा बघा."

म्हणून त्या सायकल घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, चेन पडता कामा नये. बाकी पडायचं काय ते मी बघेन."

आबांनी बसल्या जागेवरून निदान केलं. "चेन ढिली शे. दोन कड्या काढी टाक."

"आबा, या सायकलीला दहा गियर आहेत. कड्या काढल्या तर मोठ्या गियरवर चेन ताणून मागचा डिरेलर तुटेल." डिरेलर म्हणजे मागच्या चाकाजवळ लोंबतो तो गियर बदलणारा भाग. आबांनी मान हलवली. या खेपेला कौतुक नव्हतं.

आता थोडी माहिती देतो. मॅडमनाही मी हीच दिली होती, फक्त जास्त फुशारून. पूर्वी गियरच्या सायकलींना पुढे दोन-तीन चक्करं असायची. आता डोंगरातल्या सायकलीला एकच असतं. दगडांवरून धडधडत उतरताना चेन झोके घेते आणि चक्करावरून उतरते. ती धरून ठेवायला चेन गाइड मिळतो. काही गाइड वरूनच चेन सांभाळतात, मोठ्या गाइडला खालीही एक रोलर असतो. बॅश गार्ड ही वेगळी गोष्ट. ती चक्कराखाली बसणारी जाड पट्टी. सायकल दगडावर आपटली तर मार पट्टीला बसतो, दात वाचतात. गाइड चेन धरतो, गार्ड दात वाचवतो. या दोन गोष्टी लोक एकच समजतात. मी तसं समजत नव्हतो, मी सरळ दोन्ही लावल्या.

नुसत्या लावल्या नाहीत. परदेशी पोरं कड्यावरून उड्या मारतात त्या सायकलींना असतो तसला सगळ्यात मोठा सेट मागवला. वरचा गाइड, खालचा रोलर, गार्ड, सगळं. बसवून झाल्यावर गार्डवर पाना आपटून दाखवला. ठण्ण! मॅडम खूश झाल्या. मी तर जास्तच. त्या व्हिडिओंतल्या डोंगरात खान्देशची काळी माती नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जन्मापासून ती माझ्या चपलेला चिकटतेय, हा भाग वेगळा.

तर तो गोळा मी पाइपाने धुऊन काढला आणि गंभीर चेहरा केला. "मॅडम, आता ट्रॅक बघितल्याशिवाय काही लावायचं नाही."

"हे आधी सुचलं असतं तर?"

"तर मी मोठा मेकॅनिक झालो असतो."

रविवारी मॅडम आणि मी सायकल गाडीत टाकून धुळ्याला निघालो. आबाही आले. त्यांचं गाव तिकडचं, आणि माझी फजिती होणार असेल तर त्यांना दुकानात करमत नाही. लळिंगच्या अलीकडे डोंगर होता. वर मुरूम आणि काळा कातळ, पायऱ्यांसारखा तुटलेला. खाली नाला, आणि नाल्यात आपली काळी माती.

"खालचा रोलर गेला," मी म्हणालो. "नाल्यात परत भाकरी होईल." तो काढला. मग म्हटलं सगळंच काढू आणि एकेक वस्तू लावून बघू. गाइड काढला, गार्ड काढला. रोलरच्या मागे साचलेली माती मागच्या चाकापर्यंत गेली होती, म्हणून चाकही काढायला घेतलं.

चाक काढताना माझा हात सवयीने डिरेलरवरच्या एका छोट्या खटक्यावर जातो. नव्या डिरेलरमध्ये क्लच असतो. खटका वर असला की डिरेलर कडक राहतो, चेन ताणलेली राहते आणि झोके घेत नाही. चाक काढायचं तर खटका खाली करायचा, म्हणजे डिरेलर सैल पडतो. चाक परत लावलं की वर करायचा.

मी खटका खाली करायला गेलो. तो खालीच होता.

मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून पाणी पीत होत्या. आबा निंबाखाली टेकले होते. मला त्या क्षणी सगळं दिसलं. पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी चाक काढताना खटका खाली केला होता. वर करायला विसरलो होतो. नववा नंबर माझा होता.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण केलं. चाक गुपचूप बसवलं आणि खटका हळूच वर केला.

खट्!

मॅडम वळल्या. "काय झालं?"

"काही नाही. ॲडजस्टमेंट."

"कसली?"

इथे माझ्यातला दुकानदार गप्प बसा म्हणत होता आणि मेकॅनिक बोला म्हणत होता. चाचणीत पंक्चर झालं, यांनी चाक काढलं आणि खटक्याचं यांना माहीतच नसेल, तर? चेन परत पडणार. या वेळी तर पुढच्या वर्षाची सोयही नव्हती. मेकॅनिक जिंकला, पण थोडक्यात.

"मॅडम, हा खटका बघा. हा खाली असला की चेन सैल राहते. तो पहिल्या चाचणीच्या आधीपासून खाली होता."

"मी तर हात लावला नाही."

"नाही लावला."

"मग?"

"मग दुकानात दुसरं कोण आहे? आबा तर स्टुलावरून उठत नाहीत."

मॅडमनी खटका स्वतः खाली करून परत वर केला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रात्रंदिवस उतारांचा सराव करतेय. मला वाटलं, मलाच उतरता येत नाही."

मी पाना पुसायला घेतला. निंबाखालून आबा म्हणाले, "मी काय सांगेल व्हतं? चेन ढिली शे."

"आबा, तुम्ही कड्या काढायला सांगत होतात."

"ढिली शे, हाईबी सांगेल व्हतं."

मॅडमनी हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला मैदानाच्या फेऱ्या मारायला सांगतात, तो आवाज लावला. "चला, बसा. या कातळावरून खाली. गाइड नको, गार्ड नको. खटका वर आहे ना? मग बघू चेन पडते का."

माझं वय चौपन्न. पोट त्याहून जुनं वाटतं. तरी बसलो. पहिल्या दोन पायऱ्या उतरलो, तिसरीवर पुढचं चक्कर दगडावर आदळलं, आणि तिथून नाल्यापर्यंतचा प्रवास मी आणि सायकलने वेगवेगळा केला.

मॅडम धावत आल्या. माझ्याकडे नाही, सायकलकडे. चेन जागेवर होती.

मी पडलो, चेन पडली नाही.

पण चक्कराचा एक दात वाकला होता. मातीत बसल्या बसल्याच सगळा हिशोब लागला. चेन धरायला खटका पुरेसा होता, आणि वरून एक छोटा गाइड. तो वर असल्यामुळे माती धरत नाही, आणि उद्या खटका विसरलाच तर थोडा आधार. खालचा रोलर नको. गार्ड मात्र हवाच, कारण तिसरी पायरी मॅडमनाही सोडणार नव्हती. वाकलेला दात कानशीने घासून काम भागलं नसतं, म्हणून जळगावला येऊन चक्करच नवं टाकलं. ते एक जाड दात, एक बारीक दात असं होतं. त्यात चेन नीट घट्ट बसते.

चाचणीच्या दिवशी मी धुळ्याला गेलो. तिसऱ्या पायरीवर ठण्ण आवाज आला. पाना आपटून दाखवलेला तोच आवाज. मॅडम तशाच खाली गेल्या, नाला पार केला आणि दुसऱ्या आल्या. निवड झाली. गार्डवर बोटभर ओरखडा पडला होता. तो त्या सगळ्यांना दाखवत होत्या. खटक्याबद्दल कोणालाच सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

खालचा रोलर आबांनी दुकानातल्या पडद्याच्या दोरीला लावलाय. उत्तम चालतो. तिथे माती नसते.

या प्रकरणातून मी एवढंच शिकलो, की गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर नवीन काय लावायचं हे नंतर बघावं. आधी सायकलला शेवटचा हात कोणाचा लागला ते आठवावं. तो बहुतेक आपलाच असतो.

मॅडम सर्व्हिसिंगला अजून माझ्याकडेच येतात. खटक्यावर त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. सायकल परत घेताना त्या दारात उभ्या राहतात, आबा स्टुलावर सावरून बसतात, आणि हजेरी होते.

"खटका?"

मी बोट लावून दाखवतो. "हजर, मॅडम."