एक दिवस गोळी, एक दिवस उसंत

वसईजवळच्या नंदाखालचा नथू म्हात्रे पानवेलीच्या मळ्यात शिरला की त्याला जगाचा विसर पडायचा. शेवग्यावर चढलेल्या वेली, वर पानांचं छप्पर, आत हिरवा उजेड आणि भर दुपारीही पायाखाली ओल. साठी उलटलेला हा माणूस वेलींशी मोठ्याने बोलायचा, त्यांना दटावायचा, फारच लाडात आला तर एखादीला "बाय" म्हणायचा. बायको शकू म्हणायची, "माज्याशी इतका बोलला असता, तं मी पन वर चढले असते." नथू हसायचा आणि पुन्हा वेलीशीच बोलायला लागायचा.

२००९ साली त्याचा घास अडायला लागला. आधी भाकरी, मग भात, शेवटी पेज आणि कुस्करलेलं केळं तेवढं उतरे. मुंबईच्या इस्पितळात घशातून दुर्बीण घालून अन्ननलिकेचा तुकडा काढला, तपासला, आणि कर्करोग निघाला. गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्यासारखी होती. तारीख मिळाली ती दीड महिन्यानंतरची.

डॉक्टर विनिता नावाची एक तरुण, कायम घाईत असलेली बाई होती. तिने नथूला आणि शकूला समोर बसवून नीट समजावलं. या दीड महिन्यात, तुमची तयारी असेल तर, एका औषधाची चाचणी घ्यायची आहे. औषध जुनंच आहे, नायट्यावर आणि नखांच्या बुरशीवर वर्षानुवर्षं देतात. ते कर्करोगाला आवर घालतं का, ते बघायचंय. आधी काढलेला तुकडा आणि नंतर काढलेली गाठ शेजारी शेजारी ठेवली की कळेल. "गुण येईलच असं मी म्हणत नाही हं, काका. आणि तुम्ही नको म्हणालात तरी शस्त्रक्रिया होणारच."

पण हे शेवटचं वाक्य नथूच्या कानावरून गेलं. तो "बुरशी" या शब्दापाशीच थांबला होता. बुरशीशी त्याचा जन्मभराचा दावा. बुरशीने वेलीला मर लागली, ती वाळायला लागली की मोरचूद आणि चुन्याचं पाणी घेऊन तो रानोमाळ भटकल्यासारखा मळाभर फिरायचा. आपल्या छातीत मर लागलीय आणि डॉक्टरबाय फवारणी सांगतेय, एवढं त्याला लख्ख कळलं. त्याने खुशीत सही केली.

सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक, दोन्ही खाण्याबरोबर. सोबत चौकटींचा एक कागद होता. गोळी घेतली की चौकटीत खूण करायची. ते काम शकूने आपल्याकडे घेतलं. केळ्याची वाटी नि गोळी नवऱ्याच्या हातात दिली की ती देवापुढे बसून खूण करायची आणि हात जोडायची. नथू वाटी घेऊन मळ्यात जायचा, कारण घास उतरेपर्यंत फार वेळ लागे आणि तसं खाताना कोणी बघितलेलं त्याला आवडत नसे.

पहिल्या दिवशी गोळी घेऊन तो वेलींखाली गोणपाटावर आडवा झाला. डोळा लागला आणि त्याला आपणच आपल्या घशातून खाली चाललोय असं दिसलं. पाठीला पंप, हातात नळी. आतल्या भिंती ओल्या, मऊ, मळ्यासारख्याच हिरवट. तो निवांत फवारत उतरत होता आणि भिंतींवरचं शेवाळ गळून खाली कुठेतरी पाण्यात पडत होतं. खूप लांबवर शकू पेज ढवळत असल्याचा आवाज येत होता. जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती आणि छाती हलकी वाटत होती. किती दिवसांनी त्याला इतकं बरं वाटलं!

दुसऱ्या सकाळी मात्र तोंड कडू झालं, मळमळलं. नथूने लगेच निदान केलं. फवारा जास्त झाला की पान करपतं. वेलीला फवारलं की मधे उसंत द्यावी लागते, हे त्याला बापाने शिकवलं होतं आणि चाळीस वर्षांत त्यात खोट निघाली नव्हती. मग त्याने एक दिवस गोळी, एक दिवस उसंत असा नेम धरला. इस्पितळातल्या शिकलेल्या पोरीला मळ्यातलं कुठून कळणार, असंही त्याच्या मनात आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

उसंतीच्या दिवशीच्या गोळ्यांचं काय करायचं? औषध फेकवेना. बावखलाच्या, म्हणजे मळ्यातल्या तळ्याच्या, कडेची एक वेल मरगळली होती. नथूने गोळ्या उघडल्या, आतले बारीक दाणे दगडावर चुरडले, तांब्याभर पाण्यात कालवले आणि वेलीच्या मुळाशी ओतले. नंतर तिथेच पडून राहिला. त्या दीड महिन्यात तो अर्धा जागा असायचा, अर्धा कुठे असायचा कोण जाणे. आपण आणि वेल एकाच औषधावर हळूहळू हिरवे होतोय, असं त्याला वाटत राही. मरणाची भीती त्या मळ्यात त्याला शोधूनही सापडत नसे.

शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी इस्पितळात बोलावलं. डॉक्टर विनिता रक्ताचा कागद बघत कपाळाला आठ्या घालून बसली होती. "काका, गोळ्या न चुकता घेतल्यात ना? रक्तात औषध फार कमी दिसतंय."

शकूने चौकटींचा कागद पुढे केला. एकही चौकट रिकामी नव्हती.

"मग शरीरात मुरतच नाहीये ते," डॉक्टर स्वतःशीच बोलली. "आणखी एकाचं असंच आलंय. सगळ्यांचीच मात्रा वाढवायचं बघावं लागेल. यकृत जपायला हवं पण. त्यावर ताण येतो."

हे तेवढं नथूने पुरतं ऐकलं. करपलेलं पान त्याच्या डोळ्यांपुढे आलं. खरं सांगितलं तर आपल्याला चाचणीतून बाहेर काढतील, शस्त्रक्रियाही जाईल, अशी त्याला भीती वाटली. नाही सांगितलं तर त्याच्या नेमापायी भलत्यांचीच मात्रा वाढणार होती. शकूकडे न बघता तो म्हणाला, "वाढवू नुको, बाय. मी एक दिवसाआड खाल्ल्या. बाकीच्या वेलीला घातल्या."

शकूचा हात कागदावर तसाच राहिला. डॉक्टरला आधी कळेचना. कळल्यावर तिने सगळं शांतपणे लिहून घेतलं. "आणि वेल?"

"मेली."

"शस्त्रक्रिया होणार आहे, काका. तसं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फक्त औषधाच्या निकालात तुमचं काही धरता येणार नाही."

"पयल्यापासून घेऊ? रोज घेईन."

"वेळ नाही आता."

नथूला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. बाहेर बाकावर शकू कागदाच्या घड्या घालत बसली. "रोज देवासमोर खोटं लिवून घेतलं माज्याकडून," एवढंच ती म्हणाली.

बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. मासळी विकणाऱ्या बाईचा खणखणीत आवाज, गळ्यात क्रूस. वसईच्याच पाचूबंदरची मार्गारेट. तिच्या मांडीवर तसलंच गोळ्यांचं पाकीट होतं आणि कोऱ्या चौकटींचा कागद. वसईची बोली कानावर पडली आणि शकूच्या हातात तसलाच कागद दिसला, म्हणून ती सरकून जवळ आली.

"तू पन ह्याच गोळ्या खाल्ल्या ना? मंग सांग, गुन आला काय?"

नथूने त्या कोऱ्या कागदाकडे बघितलं.

"मना कळायचं राहून गेलं," तो म्हणाला. "तू रोज खा. तोंड कडू झालं तं डाक्टरबायला सांग, पन खा. तुजं तरी कळू दे."