गच्चीवरची सुकेळी

आईला जाऊन वर्ष होत आलं. आमच्या विरारच्या इमारतीत अजूनही तिचा विषय निघाला की बोलणं गच्चीवर जातं.

आई वसईजवळच्या सांडोर गावच्या बागायतदारांच्या घरातली. माझी मुलगी जन्मली तेव्हा बाळंतपणापुरती म्हणून आमच्याकडे आली आणि राहिली. आम्ही दोघंही नोकरीवर, त्यामुळे नातीला तिनेच वाढवलं. थंडी सुरू झाली की गावच्या वाडीतून राजेळी केळ्यांचा घड यायचा आणि आई गच्चीवर सुकेळी घालायची. पिकलेली केळी सोलून दिवसभर उन्हात जाळीवर मांडायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हात. काही दिवसांनी ती तपकिरी, चिवट आणि गोडमिट्ट होत.

नात शिकून मोठी झाली आणि एका थंडीत पुण्याला पहिल्या नोकरीला निघाली. पहिल्यांदाच घर सोडून. तिच्या बॅगेत सुकेळी जायलाच हवीत, असं आईने ठरवलं होतं. निघण्याच्या आदल्या दुपारी ती गच्चीवर गेली तर जाळी रिकामी.

खाली उतरताना जिन्यात शेजारीण भेटली. मूळची साताऱ्याची, नुकतीच राहायला आलेली.

"काकू, वर कुणीतरी सडकी केळी पसरून ठेवली होती. काळी पडलेली! सगळी कचऱ्यात टाकून आले. लोकांना काही रीतच नाही."

"ते कुणीतरी म्हणजे मी गं," आई म्हणाली.

शेजारणीने कपाळावर हात मारला. संध्याकाळी शिरा घेऊन माफी मागायला आली. आईने शिरा ठेवून घेतला आणि म्हणाली, "माफी नको. पुढच्या घडाला कावळे हाकायला ये."

नात सुकेळ्यांशिवाय गेली.

पुढचा घड आला. शेजारीण रोज काठी घेऊन गच्चीवर बसली आणि कावळ्यांना साताऱ्याच्या शिव्या घालत राहिली. सुकेळी झाल्यावर ती म्हणाली, "काकू, कुरिअर करू. परवा पोचतील."

"कुरिअरवाला काय ती खाते का नाही ते बघायला थांबणार आहे?"

मी सोबत येतो म्हटलं. "तुला रजा मिळते कधी?" म्हणून आईने तो विषय संपवला आणि पहाटेच्या एसटीने एकटी पुण्याला गेली. पुढचं नातीने सांगितलं. हॉस्टेलच्या फाटकाशी आजीने आधी तिचं मनगट धरून पाहिलं.

"बारीक झालीस."

"आजी, दोन किलो वाढलेय मी!"

"वजनकाटा बिघडलाय तुमचा. खा."

फाटकात उभ्या उभ्या, रखवालदाराच्या देखत, नातीला दोन सुकेळी संपवावी लागली. मगच आजीने पुडकं तिच्या हातात दिलं आणि रखवालदाराला परतीच्या गाडीची वेळ विचारली.