उजेड हातावर पडायला हवा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "गॅस चालू होता का गं?" पलीकडे धुळ्याहून अक्कांची सून, त्यांच्या नीलेशची बायको कविता बोलत होती. सासू गेल्याचं सांगणाऱ्या मुलीला कुणी असं विचारतं का... माझे यजमान माझ्याकडे बघतच राहिले. पण कविता रागावली नाही. म्हणाली, "नाही काकू. गॅस बंद होता. चहा पिऊन अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, झटका आला." रडू नंतर आलं. आधी आला तो सुटकेचा श्वास. गेली काही वर्षं जळगावच्या माझ्या घरात बसून मी धुळ्याहून येणाऱ्या एका फोनला भीत होते. तो फोन पदर पेटल्याचा किंवा उकळतं तेल अंगावर आल्याचा असणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तो तसा आला नाही, म्हणून आज हे लिहू शकते आहे.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा स्वयंपाकघरावर पुरता अंमल बसलेला होता. स्वभाव तिखट, आमच्या काळ्या मसाल्यासारखा. पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून मेथी चिरायला घेतली, तर त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि पाट पुढे सरकवला. "उभ्याउभ्या चिरेल भाजी उभ्याउभ्याच पोटमां जास," म्हणाल्या. त्या स्वतः शेवटपर्यंत विळीवर, पाटावर बसूनच चिरत. त्यांच्या हातचं भरीत खायला माणसं वाट वाकडी करून येत. हिरवी वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, परातीत सोलायची, प्रत्येक वांगं उकलून आतून बघायचं आणि मगच लाकडी मुसळीनं ठेचायचं. वांग्यात अळी असतेच, ती ताटात जाता कामा नये, हा त्यांचा धर्म होता. कोण कुठल्या मंदिरात जातं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण कुणाकडच्या भरतात अळी निघाली हे त्यांना वर्षानुवर्षं आठवायचं आणि त्या ते सांगायच्याही!

त्या एकदा अचानक जळगावला आल्या. घरी सांगून आल्या होत्या की साड्या घ्यायच्या आहेत. घरात आल्यावर चहासुद्धा न घेता म्हणाल्या, "सुमन, डोयाना डाक्टर कडे चाल." काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं, की गेलं ते परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेलं टिकवता येईल. बाजूचं दिसणं कमी झालं आहे, समोरचं अजून आहे. प्रखर दिवा थेट डोळ्यांत आला तर तेही दिसणार नाही, तेव्हा उजेड डोळ्यांवर नको, हातातल्या कामावर पडायला हवा. अक्कांनी मान डोलावली, जणू शेजारणीच्या डोळ्यांबद्दल चाललं आहे. बसस्टँडवर मात्र त्यांनी माझं मनगट धरलं. "नीलेशले सांगू नको. तो माले खाटवर बसाडी देई."

खाटेचा अर्थ मला सांगायला नको होता. आमच्या सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हा घरानं त्यांना मायेनंच ओसरीतल्या खाटेवर बसवलं होतं. हातात ताट मिळे, पाणी मिळे, सगळं मिळे. पण मीठ किती घालू, हे त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही. आज काय शिजलंय ते त्या वासावरून ओळखायच्या आणि कुणी ऐकतंय का याची वाट न बघता स्वतःशीच बोलायच्या. अक्कांनी ते जवळून पाहिलं होतं. मी म्हटलं, "अक्का, उद्या काही झालं तर नीलेश मला काय म्हणेल?" त्यांनी बसच्या पायरीवरून वळून पाहिलं. "मी आंधयी व्हयनी नही आजून. व्हसू तवय सांगजो." होईन तेव्हा सांग म्हणे! मला इतका राग आला होता की बस हलली तरी मी हात केला नाही.

मग आमचं गुपित सुरू झालं. नीलेश नरडाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर, मनानं चांगला, पण आईच्या बाबतीत घाबरट. एकदा तिच्या बोटाला चटका बसला तर त्यानं घरात पोळ्यांना बाई लावण्यावरून गोंधळ घातला होता. म्हणून मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "फोडणी पडली का?" म्हणजे थेंब घातले का. त्या "पडनी" म्हणाल्या की मला झोप लागायची. एखाद्या दिवशी फोन उचलला गेला नाही तर मी घरभर येरझाऱ्या घालायची. यजमान चिडायचे, "जाऊबाईंच्या भाजीची तुला एवढी कसली काळजी?"

त्यातच नीलेशनं स्वयंपाकघर नवं करायला काढलं. ट्रॉल्या, वरती भिंतीला कपाटं, आणि मोरपंखी टाइल्स. त्या टाइल्सवर त्याचा फार जीव. कपाटांच्या खाली दिव्याची पट्टी लावायची ठरली तेव्हा मी धुळ्यातच होते. फर्निचरवाला म्हणाला, पट्टी मागे लावू, भिंतीला लागून. उजेड टाइल्सवर उतरतो, झळाळतात. अक्का पाटावरूनच म्हणाल्या, "मांगे नको. पुढे लाव, कपाटना कडेले. आनि तिना आड लाकूडनी फळी ठोक." तो हसला. "अक्का, पुढे लावली तर टाइल्स काळ्या पडतात. सगळे मागेच लावतात." "माले काय टाइल्सा चिराना शेतस का?" नीलेश वैतागला. "आई, तुला यातलं काय कळतं? एवढ्या हौसेनं आणल्यात त्या." अक्का कारण सांगू शकत नव्हत्या. सांगितलं की डोळ्यांचं दुखणं उघडं पडणार, ते उघडं पडलं की खाट आली. त्या नुसत्या "पुढे लाव, पुढे लाव" करत राहिल्या आणि सगळ्यांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चहाच्या कपात बघू लागले.

पुढे त्या पिंपळनेरला भाचीच्या लग्नाला गेल्या आणि तेवढ्यात पट्टी मागे लागली.

त्या परतल्या आणि लगेच कविताचे आईवडील अमळनेरहून भरीत खायला आले. व्याही घरात, हिवाळ्याचे दिवस, नवं स्वयंपाकघर... मीही गेले होते. परसात नीलेशनं वांगी भाजली, काळीठिक्कर झाल्यावर परातीत घालून आत आणली. अक्का पाटावर बसल्या, मी बाजूला मिरच्या निवडायला. नीलेशनं व्याह्यांना दारात उभं केलं आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. टाइल्स खरंच झळाळल्या. व्याही "वा, वा" म्हणाले. सगळे उभे होते. उभ्या माणसाला ती पट्टी दिसतच नव्हती, कपाटाआड होती. मी खाली होते. मला ती सरळ समोर दिसत होती, डोळ्यांत सुई घातल्यासारखी. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. चेहऱ्यावर हसू तसंच, आणि बोटं वांग्याच्या गरात चाचपत होती. एक वांगं झालं. दुसरं झालं. बोटांना काय लागतंय आणि काय निसटतंय, मला कळेना. व्याह्यांच्या ताटात अळी गेली असती तर नीलेश एकच प्रश्न विचारणार होता : आई, तुला दिसलं नाही का?

माझ्या हातातली मिरची मोडली. उठून काहीतरी सांडावं, तवा पाडावा, काय करावं सुचेना. तेवढ्यात कविता पाणी देऊन आत आली. "आई, तुम्ही ठेचायला घ्या, मी सोलते," म्हणत ती सासूशेजारी जमिनीवर टेकली. त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच तिथे बसत असावी. तिनं मान वर केली आणि झटकन हात डोळ्यांवर धरला. मग हात काढला. वर पट्टीकडे पाहिलं, शेजारी मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, चाचपणाऱ्या बोटांकडे पाहिलं. आता ही बोलणार. बापासमोर, नवऱ्यासमोर...

ती उठली आणि तिनं बटण बंद केलं. "अगं, बंद का केलास?" नीलेश दारातून ओरडला.

"माझ्या डोळ्यांत येतो," कविता म्हणाली आणि परात स्वतःकडे ओढून घेतली.

त्या रात्रीच्या भरताची व्याह्यांनी इतकी स्तुती केली की अक्का लाजल्या. परातीच्या कडेला कवितानं बाजूला काढलेल्या अळ्या मी गुपचूप केराच्या टोपलीत टाकल्या. नंतर कवितानं फर्निचरवाल्याला बोलावून पट्टी पुढे, कडेला घ्यायला लावली, आड फळी ठोकून घेतली. नीलेश रुसला. "दोघी मिळून माझ्या टाइल्सच्या मागे लागल्यात," असं मला फोनवर म्हणाला. काही दिवसांनी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे अक्कांना विचारलं, "फोडणी पडली का?" तर त्या म्हणाल्या, "फोडणी आते कविता टाकस." एवढंच. त्यानंतर या विषयावर आम्ही तिघी कधी बोललो नाही. भीती माझी पुरती गेली नाही, पण ती आता दोघींत वाटली गेली होती. अक्का शेवटच्या दिवसापर्यंत त्या पाटावर बसल्या, मीठ त्यांनीच घातलं. आदल्या दिवशी शेवभाजी तिखट झाली म्हणून नीलेशनं कुरकुर केली, तर त्याला त्यांनी दही वाढून गप्प केलं, असं कविता सांगते. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी एक दिवस जास्त राहिले. कविता पाटावर बसून वांगी चिरत होती, मी शेजारी. नीलेश आत आला, रिकाम्या घरात माणूस उगाच फिरतो तसा. ओट्यावरून हात फिरवत म्हणाला, "आईच्या हट्टापायी पुढे घेतली होती. आता पट्टी मागे घेऊन टाकू. टाइल्स तरी दिसतील."

कवितानं विळी आडवी केली आणि पाटावरून उठली. "इथे बसा, आणि मग बोला."

तो बसला. थोडा अवघडून, मांडी घालून. कवितानं दिवा लावला. उजेड ओट्यावर आणि कडेवरून खाली परातीत, त्याच्या हातांवर पडला. दिवा कुठे दिसेना. तो वर बघत राहिला. कपाटाखाली, भिंतीलगत, जुन्या पट्टीच्या स्क्रूची भोकं तशीच होती, बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं ती पाहिली. मग माझ्याकडे वळला. "काकू... आईला दिसत नव्हतं?"

उत्तर कवितानं दिलं. "पट्टी पुढे घेतल्यावर दिसत होतं."

नीलेश उठला नाही. त्यानं परातीतलं एक वांगं उचललं, उजेडात धरलं आणि हळूहळू फिरवत त्याच्यावर अळीचं भोक शोधू लागला.