अखाजीचे निळे पोपट

आमच्या तापीकाठच्या गावात वैशाखाचं ऊन असं पडायचं, की कोंबडीनं घातलेलं अंडं जमिनीला टेकेपर्यंत उकडून निघायचं. हे मी ऐकीव सांगत नाही, सोलून खाल्लेलं आहे. त्या उन्हात आमची अखाजी येते. बाकीच्या मुलखाला ती अक्षय्य तृतीया. आम्हाला लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात आणि अंगणातल्या झोक्यावर बसून मन मोकळं होईपर्यंत सासूला नावं ठेवतात. ज्या घरची लेक लाडकी, त्या घरचा झोका सजलेला. झोक्याच्या आडव्या दांडीवर लाकडाचे रंगवलेले पोपट ओळीनं बसवायचे, आणि ते करायचे सुतारानं. म्हणजे आम्ही.

आम्ही म्हणजे खरं तर माझे सासरे. माझा नवरा नांगर करायचा, गाड्या करायचा; पण त्याला पोपट कोरायला सांगितला असता, तर त्यानं त्यालाही जू जोडून दिलं असतं. पाखरं फक्त मामंजी करायचे. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कापरं भरलं. घास तोंडाकडे निघायचा आणि कानापाशी पोहोचायचा. सुतारबाबाचा हात गेला, असं गाव म्हणायचं, आणि त्यांच्या देखत म्हणायचं. मामंजी ऐकून घ्यायचे, हत्यारांना तेल लावत बसायचे. दोन अखाज्या पोपटांविना गेल्या.

तिसऱ्या वर्षी शेजारची गुजर म्हातारी आमच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तिला सगळं गाव बा म्हणायचं, त्यांच्यात बा म्हणजे आई. तिच्या केळीच्या बागेत एका टोकाकडून शिरलेला माणूस दुसऱ्या टोकाला निघेपर्यंत त्याला दाढी आलेली असायची. तिची एकुलती लेक सुरतेकडे दिलेली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच अखाजीला येणार होती.

"सुतारबाबा," बा म्हणाली, "तमे करो तो करो. नहीं तो झूलो खाली रेशे."

दुसऱ्या कुणाचे पोपट तिला नको होते; त्यापेक्षा झोका रिकामा चालला असता. मामंजींनी मान हलवली. हो म्हणून की कापऱ्यानं, मला कळलं नाही. बा निघता निघता माझ्याकडे वळली. "अगियार पोपट, वहू. अने लीला हं. एकदम लीला."

ती गेल्यावर मामंजी मला म्हणाले, "माय, हाई जमनं तं मी सुतार शे. नही जमनं तं हत्यारं तापीमा सोडी देसू."

हा माणूस वर्षात चार वाक्यं बोलायचा. त्यातली दोन एका दमात खर्च केली, म्हणजे खरंच सोडतील याची मला खात्री पटली.

सातपुड्यातून आणलेलं शिवणीचं लाकूड होतं. त्यांनी त्याचा तुकडा दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरला, पटाशी हातात घेतली, आणि मी भाकरी थापायची सोडून बघत राहिले. हात कापत होताच. थांबला वगैरे नाही, तसलं मी सांगणार नाही. पण ते कापरं पटाशीतून लाकडात उतरायचं आणि लाकडावर बारीक पिसं उमटायची. त्यांच्या चांगल्या हाताच्या पोपटांना पिसं नव्हती, नुसते गुळगुळीत पंख होते. आता प्रत्येकाच्या पाठीवर वारा लागल्यासारखी पिसं. पाचव्या पोपटाला चोच आली तशी आमच्या मांजरीनं गुरांच्या वाड्याच्या भिंतीआड दबा धरला, आणि सातव्या पोपटानं तिच्याकडे असं बघितलं की ती तीन दिवस घरी आली नाही.

अकरा पोपट झाले आणि मामंजी तापानं अंथरुणाला लागले. "रंग तू दे," एवढंच म्हणाले. नवरा चाकांच्या कामाला कळसाडीला गेलेला. रंगाचं सगळं घरात होतं: गेरू, काजळी, सरस, कपड्यांची नीळ.

आता माझं माहेर पांझरेकाठचं. आमच्याकडे गुजर औषधालाही नव्हता. बा "लीला" म्हणाली, मी "निळा" ऐकलं. म्हातारीचे दात पडलेत, शब्द घसरला असेल, असं धरून चालले. निळा पोपट जन्मात पाहिला नव्हता. पण ज्यांच्या एवढ्या बागा, त्यांच्याकडे पोपटही वेगळे असतील, आपण कोण विचारणार. अकराच्या अकरा मी असे निळे रंगवले, की आभाळ त्यांच्यापुढे धुऊन विटलेलं वाटावं. लाल चोच, काळा कंठ. फार खूश होते मी.

अखाजीच्या आदल्या सकाळी पाण्याला निघालेल्या बायका आमच्या अंगणात थबकल्या.

"बाई वं, सुतारना पोपट निया," एक निळ्या पाठींकडे बोट करून म्हणाली.

"ऊन लागनं व्हई," दुसरी म्हणाली.

त्यांच्यात बाची धाकटी जाऊ होती. तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली. "वहू, लीलो म्हणजे हिरवा गं. आमच्यात हिरव्याला लीलो म्हणतात."

मामंजींच्या त्या हातानं अकरा जीव घडवले होते, आणि माझ्या एका कानानं ते सगळे बुडवले. तापीत हत्यारं पडल्याचा आवाज मला तिथंच ऐकू आला.

मामंजी भिंतीला धरून बाहेर आले. एक पोपट उचलून उलटासुलटा केला.

"हाई कसाना रंग शे?"

"नीळ, मामंजी. चुकलं माझं."

ते बसले. "हयद आन. आनि रोगन."

राळ आणि जवसाच्या तेलाचं रोगण त्यांच्याच डब्यात होतं. त्यात त्यांनी हळद घोटली. पिवळंधमक, पाण्यासारखं पातळ. कुंचला बुडवला, आणि तो कापरा हात पहिल्या पोपटाच्या डोक्यावर टेकवला.

मी अजून ते सांगताना हातातलं काम खाली ठेवते. निळ्यावरून पिवळं गेलं आणि त्याच्या मागोमाग हिरवं उगवलं, उसाच्या कोवळ्या पात्याचं. जिथं हात दबला तिथं गर्द, जिथं सुटला तिथं पोपटी. पिसांच्या खाचांत निळं राहिलं. शेपटी त्यांनी मुद्दाम कोरडी सोडली. बायकांच्या घागरी तिथंच तापत राहिल्या. शेवटचा पोपट होईपर्यंत पहिला त्या उन्हात खणखणीत वाळला होता.

दुसऱ्या दिवशी बाची लेक बैलगाडीतून उतरली ती सरळ झोक्याखाली गेली. वर बघून म्हणाली, "बा, शेपटी निळी. खऱ्या पोपटाची असते तशी." मी तोवर खऱ्या पोपटाची शेपटी कधी नीट बघितलीच नव्हती. बा पोपट बघत नव्हती, लेक बघत होती. मग तिनं गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं, "कोण केतो तो के सुतारबाबानो हाथ गयो?" हात गेला म्हणणारे तेव्हा झोक्याचे दोर ओढून बघण्यात गुंतले होते. त्या दुपारी बाच्या कडुलिंबावर रानातले दोनशे पोपट उतरले. आमचा नवरा म्हणतो सात. तो कळसाडीहून उशिरा आला, त्याला काय माहीत.

मी घरी येऊन भाकरी टाकली, तोच मामंजी चुलीपाशी आले. वाकले, पेटलेल्या चुलीतून एक लाकूड ओढून काढलं, राखेत विझवलं आणि कापऱ्या हातात फिरवून फिरवून पाहिलं.

"माय, हाई शिवण शे. यामा एक पाखरू शे."

असं म्हणून ते लाकूड घेऊन ओट्यावर गेले. जाळ बसला, भाकरी एका अंगानं कच्चीच राहिली, आणि आम्ही ती तशीच खाल्ली.