फ्रिजमधली देवी

स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला आमच्या कोपरीच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. मूल व्हावं म्हणून नौपाड्यातल्या डॉक्टरांचे उपचार चालू होते, आणि रोज पोटावर घ्यायची इंजेक्शनं फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवलेली असत. आधीचा एक प्रयत्न फसला होता, त्यामुळे घरात सगळेच जपून बोलत. दिवा लावून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ती इंजेक्शनं जरा देव्हाऱ्यात ठेवू दे." मी घाबरून म्हटलं, "आई, बाहेर ठेवली तर खराब होतील." मग देव्हाऱ्यातला कुलदेवीचा चांदीचा टाक उचलून त्यांनी फ्रिजमध्ये इंजेक्शनांच्या खोक्याला टेकवून ठेवला. सासरे हसले, "अगं, गारठेल की ती!" "गारठू दे. माझ्या पोरीला रोज सुया टोचतात, देवीला एवढं सोसवणार नाही?" असं म्हणून त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि दार हलकेच लावलं. तोही प्रयत्न फसला. दवाखान्याचा फोन आल्यावर सासूबाईंनी देवीला बोल लावला नाही, मलाही नाही. नुसत्या माझा हात धरून बसल्या. या महिन्यात पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आहेत, आणि सकाळी दूध काढताना देवीला धक्का लागू नये म्हणून मी हात सांभाळून आत घालते.