गुन्वोरची गुरुवारची साब

लोकांच्या शेडमध्ये डोकावायची तूरे हालिनला भारी खोड. शाळेच्या शिपाईगिरीतून निवृत्त झाल्यावर जुन्या गाड्यांच्या क्लबने त्या खोडीलाच काम ठरवलं: विम्याआधी गाडी बघून यायची. पगार नाही, कॉफी मात्र घरोघरी.

दारातली रोजची गाडी वर्षागणिक स्वस्त होते; ठोकली की विमावाले बाजारभाव हातावर टेकवून मोकळे. जपलेली जुनी गाडी उलट महागत जाते. म्हणून क्लबच्या विम्यात तिची किंमत आधीच ठरवून कागदावर लिहायची, आणि हप्ताही कमी. बदल्यात मालकाने ती कुलपात ठेवायची, हौसेपुरती चालवायची, रोजच्या कामाला दुसरी गाडी बाळगायची. तूरेला हा सौदा फार आवडे.

या खेपेची मालकीण गुन्वोर, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिची साब मोटार सदुसष्ट सालची, हिरवी, रंगही मूळचाच. अंगणात आणखी एक मोटार, करडी व्हॉल्व्हो, उभी होती.

"ही रोजची?"

"हो," गुन्वोर म्हणाली.

"मग पाद्रीसाहेब आज चर्चला पायी गेले वाटतं," व्हॉल्व्हो कुणाची ते ओळखून तूरे म्हणाला.

गुन्वोरने कपात कॉफी ओतली. "मी म्हटलं होतं त्यांना, गोठ्याआड अर्धीच दिसेल अशी लावा म्हणून. पण ऐकतील तर शपथ."

तूरेला हसू आवरेना. पण अर्जात खोटं लिहायची त्याची तयारी नव्हती. "खरं सांगा, बाजारहाट कशावर करता?"

"सायकलवर. बर्फ पडला की ढकलायच्या घसरगाडीवर."

"आणि साब?"

"फक्त गुरुवारी. चौदा किलोमीटर, वृद्धाश्रमात. माझा नवरा आल्व्हार असतो तिथे."

"तिकडे बस जाते की."

"बसच्या आवाजाला तो खिडकीशी येत नाही. साबची फटफट ऐकली की येतो. मला ओळखत नाही, गाडीला ओळखतो." ती पुढे म्हणाली, "साध्या विम्यात हिला भंगाराचा भाव. कुणी एकदा ठोकली तर दुरुस्ती त्याहून महाग, म्हणजे गाडी गेलीच. मग त्याला बोलावू कशाने?"

तूरेने 'रोजचं वाहन' या रकान्यात 'सायकल व घसरगाडी' असं लिहिलं. साब रोज पळवू नये एवढाच नियमाचा हेतू, आणि ती पळत नव्हती; क्लबात भांडायला तेवढं पुरे होतं. राहिला किमतीचा रकाना. त्या दिवशी गुरुवारच होता. आवाजाला येणारा माणूस बघितल्याशिवाय तूरे कसला घरी जातोय? तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

साब वृद्धाश्रमाच्या फाटकात वळली आणि खिडकीत एक पांढरं डोकं दिसलं. दोघं उतरेपर्यंत आल्व्हार सपाता घालून अंगणात आला होता. त्याने बॉनेट उघडायला लावलं, कान देऊन इंजिन ऐकलं, खूश झाला. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. किंमत त्यालाच विचारावी असं तूरेला वाटलं.

"काय भाव धरावा हिचा?"

आल्व्हारने बॉनेट हळूच लावलं. "भाव विचारू नका राव. ही माझ्या बायकोची गाडी आहे. विकायची नाही." मग किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या गुन्वोरकडे वळून त्याने अदबीने विचारलं, "तुम्ही पाहिलंत का हो तिला, बाई? गाडी आलीये, म्हणजे इथेच असेल कुठेतरी."

"येईलच ती," गुन्वोर म्हणाली आणि तिने दार उघडलं. "तोवर बसा आत. थंडी आहे."