सारंगीला आत जागा नव्हती

मला गाणं शिकवलं ते मूकपटाच्या थेटरात सारंगी वाजवणाऱ्या एका खाँसाहेबांनी. नायिका रडू लागली की पडद्याखाली बसून ते सारंगी रडवायचे, मारामारी आली की तबलजीच्या मागे धावायचे. एके काळी त्यांनी मोठमोठ्या गवयांची साथ केली होती. उतारवयात ते नाशकात चौक मंडईजवळ एका खोलीत येऊन राहिले आणि थेटरवाल्याने त्यांना ठेवून घेतलं. माझ्या यजमानांना सिनेमाचं वेड होतं. एकदा तोच खेळ पुन्हा पाहून आले तेव्हा म्हणाले, चित्र पाहायला नव्हे, सारंगी ऐकायला गेलो होतो. लग्नाआधी मी थोडंफार गायचे हे त्यांना ठाऊक होतं. काही दिवसांनी ते खाँसाहेबांना घरीच घेऊन आले.

मुसलमान उस्ताद ओसरीवर बसून सुनेला शिकवणार, हे सासूबाईंच्या पचनी पडणारं नव्हतं. खाँसाहेबांचा पेला वेगळा ठेवला गेला. मी त्याबद्दल चाचरत काही बोलू लागले, तर खाँसाहेबांनी मला तंबोरा लावायला सांगितला. पुढे माझ्या लक्षात आलं, की शिकवणी चालू असताना स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत नाही.

माझा आवाज जाडसर, खर्जाकडे झुकलेला. माहेरी सगळे त्याला पुरुषी म्हणायचे. खाँसाहेब म्हणायचे, हा आवाज उशिरा पिकेल, घाई करायची नाही. ते मला तासन्‌तास खालच्या सुरांत घोळवत ठेवायचे. कंटाळा यायचा, पण त्या दुपारी मला सासर-माहेर, काही म्हणजे काही आठवत नसे.

मग नाशकात बोलपट आला. थेटरवाल्याने पहिल्या खेळाला आपल्या वादकांना फुकट बसवलं, आणि खेळ संपल्यावर उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. खाँसाहेबांनी हे मला हसत हसत सांगितलं. पडदा बोलतो याचं त्यांना खरंच नवल वाटलं होतं. पण ते हसू फार दिवस टिकलं नाही. लग्नकार्यातही लोक वाजवणाऱ्यांऐवजी भाड्याने तबकड्यांचा फोनो आणू लागले होते. आमच्या घरची शिकवणी सोडली तर त्यांना सारंगी उघडायला कारणच राहिलं नाही.

मेन रोडवर फोनो आणि तबकड्या विकणारं एक दुकान होतं. दुकानदाराच्या बायकोने मला एका हळदीकुंकवाला गाताना ऐकलं, आणि मुंबईच्या कंपनीचा माणूस नवे आवाज शोधत आला तेव्हा दुकानदार त्याला सरळ आमच्या घरी घेऊन आला. त्या दिवसांत कंपन्यांना घरंदाज बायकांचे आवाज हवे होते. माझं गाणं ऐकून त्याने मुंबईला बोलावलं. माझ्यापेक्षा खाँसाहेबच जास्त हरखले. त्यांनी सारंगीला नव्या तारा चढवल्या, शेरवानीला इस्त्री करून घेतली, आणि एक छोटा ख्याल तबकडीच्या तीन मिनिटांत कसा बसवायचा याची माझ्याकडून तयारी करून घेतली. यजमान, मी आणि खाँसाहेब असे आम्ही नाशिकरोडहून गाडीत बसलो. वाटभर ते सारंगी मांडीवर घेऊन बसले होते. कोणी सरकायला सांगितलं की तेवढे सरकायचे.

कंपनीत गेल्यावर कळलं की ख्याल नको होता. त्यांनी एक भावगीत आधीच तयार ठेवलं होतं. साथीला त्यांचेच पेटीवाले, तबलजी आणि क्लॅरिनेटवाला होते. सारंगी आता कोणी घेत नाही, ती ऐकली की लोकांना कोठीवरचं गाणं आठवतं, असं तिथला मॅनेजर यजमानांना म्हणाला. खाँसाहेब शेजारीच उभे होते. यजमानांनी रदबदली केली, मी तर निघूनच जाऊ म्हटलं. खाँसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"तू गा, बेटी," ते म्हणाले. "आत जागा कमी आहे, दुसरं काही नाही. मी इथे बसतो."

ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत लाल दिवा लागला आणि मी गायले.

ती तबकडी चालली. मी या धंद्याला आज कितीही नावं ठेवली तरी एक गोष्ट नाकारणार नाही, त्या दिवसांनी आम्हाला फार दिलं. यजमानांनी फोनो विकत घेतला. शेजारच्या आळीत एक विधवा बाई होत्या. केशवपन झालेल्या, देवळाखेरीज कुठे न जाणाऱ्या. त्यांना कुठल्याही बैठकीला कोणी बसू दिलं नसतं. त्या आमच्या माजघरात येऊन, खांबाला टेकून, मोठमोठ्या गवयांचं गाणं ऐकायच्या. एकदा सासूबाईंनी कुठल्याशा जुन्या गवयाची तबकडी लावायला सांगितली. नेमके खाँसाहेब आले होते. गाणं सुरू झालं आणि ते ओसरीवर उभेच राहिले. मागे सारंगी वाजत होती ती त्यांचीच होती. गवई कधीच वारले होते, तबकडीवर साथीदारांची नावं नव्हती. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "मधे एका जागी मी चुकलोय. त्यांनी सांभाळून घेतलं." आणि डोळे पुसत पुन्हा लावायला सांगितलं.

पण माझी तबकडी आमच्या माजघरापुरती राहिली नाही. रविवार कारंजावरच्या हॉटेलात ती वाजू लागली. मी मंडईत गेले की पोरं ते गाणं गुणगुणत मागून यायची. माझ्या नणंदेचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलाचे काका नाशकात येऊन गेले आणि नकार आला. ज्या घरच्या सुनेचा आवाज हॉटेलात चहाबरोबर मिळतो, त्या घराशी सोयरीक नको, असं मध्यस्थाने स्पष्ट सांगितलं. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नणंद मात्र पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलत नव्हती. तिचं लग्न नंतर एका बिजवराशी झालं.

कंपनीला आणखी तबकड्या हव्या होत्या. तशाच, पण पट्टी वर चढवून. बारीक, लाडिक आवाज लोकांना आवडतो, असं त्यांच्या संगीतकाराचं म्हणणं होतं. पहिल्या खेपेला केलेल्या कराराने मी बांधलेली होते. खाँसाहेबांनी हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. या मुलीचा गळा फाडणार ते लोक, असं ते यजमानांना म्हणाले. यजमान काय करणार? आम्ही गेलो. मी वरच्या पट्टीत गायले, पुन्हा गेले, पुन्हा गायले. शेवटच्या खेपेला अंतऱ्यावर गळा फाटला आणि सूर लागेचना. संगीतकाराने पाणी दिलं, थोडं थांबून परत दिवा लावला. आवाज आला नाही.

डॉक्टरांनी बोलणंसुद्धा बंद करायला सांगितलं. पुढे खाँसाहेब रोज पहाटे यायचे आणि लहान मुलाला चालायला शिकवावं तसं मला फक्त सा लावायला सांगायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सा लागायचा आणि मधेच भेगाळायचा. कंपनीने दुसरी एक मुलगी घेतली होती. दुकानदार म्हणाला, अगदी तुमच्यासारखीच गाते.

एके दिवशी खाँसाहेब आले ते सारंगी न घेताच. मालेगावला त्यांची लेक दिली होती, जावयाचे हातमाग होते. तिकडे जातो म्हणाले. त्यांनी सासूबाईंना दारातून सलाम केला. सासूबाई बाहेर आल्या.

वर्षभराने आम्ही प्रवासी सर्व्हिस मोटारीने त्यांना भेटायला गेलो. खोलीत मागांचा एवढा खडखडाट होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. ते कोपऱ्यात बसून मागासाठी सूत गुंडाळत कांड्या भरत होते. सुताने बोटं कापली होती. सारंगी कुठे आहे असं यजमानांनी विचारलं, तर माळ्यावर आहे म्हणाले, तिची कातडी उंदरांनी खाल्ली. लेकीने आमच्यासाठी चहा केला. मग त्यांनी मला विचारलं, "गातेस?"

मी नाही म्हटलं. खडखडाटात त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मान हलवून सांगितलं. त्यांनी कांडी परत हातात घेतली. परतताना मोटारीत यजमान माझ्या शेजारी बसून रडले. मला रडू आलं नाही.

खाँसाहेब गेल्याचं आम्हाला फार उशिरा, एका सुताच्या व्यापाऱ्याकडून कळलं. तोवर कंपनीने माझ्या तबकड्या काढणंही बंद केलं होतं. मी तंबोरा एका मुलींच्या शाळेला देऊन टाकला. तो तिथे नीट ठेवतात की नाही, हे पाहायला मी कधी गेले नाही.